फ्लूची लस घेऊनही फ्लू होतो, मग ती घ्यायची कशाला?

पहिला पाऊस पडला की बोदवडसारख्या तालुक्याच्या गावातही सर्दी, ताप, अंगदुखीचे पेशंट वाढतात. मग दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. 'गेल्या वर्षीच फ्लू झाला होता, पुन्हा कसा?' आणि 'लस घेतली होती, तरी ताप आलाच.' दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात. पण त्यावरून लस बिनकामाची ठरते का?

फ्लू पुन्हा पुन्हा का होतो?

गोवर एकदा झाला की सहसा आयुष्यभर पुन्हा होत नाही. फ्लूचं तसं नाही. माणसांमध्ये फ्लूचे 'ए' आणि 'बी' असे दोन मुख्य प्रकार पसरतात. 'ए'मध्येही एच१एन१ आणि एच३एन२ हे वेगवेगळे उपप्रकार आहेत. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून फारसं संरक्षण देत नाही. त्यामुळे एकाच वर्षात दोनदा फ्लू होणंही शक्य आहे.

शिवाय हा विषाणू सतत थोडा थोडा बदलत राहतो. शरीराने ओळखून ठेवलेला चेहरा दोन-चार वर्षांत बदललेला असतो. कधीकधी तर पूर्ण नवा अवतार येतो. २००९मध्ये तेच झालं. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात नोंदवला गेला. पुढच्या वर्षी पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची 'नेसोव्हॅक' ही लस बाजारात आणली. तो विषाणू गेला नाही. आज तो दरवर्षी येणाऱ्या साध्या फ्लूपैकीच एक आहे.

मात्र शरीर जुनी ओळख पूर्ण विसरत नाही. २००९च्या साथीत वयस्कर लोकांना लागण तुलनेने कमी झाली. लहानपणी त्यांचा सामना अशाच जुन्या विषाणूशी झाला होता, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

'५० टक्के परिणामकारक' म्हणजे काय?

लसीचा आणि त्या वर्षीच्या विषाणूचा मेळ चांगला बसला, तर लस साधारण ४० ते ६० टक्के परिणामकारक ठरते. याचा अर्थ लस घेतलेल्या १०० पैकी ५० जणांना फ्लू होतो, असा नाही.

समजा, लस न घेतलेल्या १०० जणांपैकी १० जणांना फ्लू झाला. लस ५० टक्के परिणामकारक असेल, तर लस घेतलेल्या १०० जणांपैकी साधारण ५ जणांना होईल. म्हणजे धोका निम्म्यावर येतो.

मेळ बसला नाही तर आकडा घसरतो. अमेरिकेत २०१४-१५च्या हंगामात तो २० टक्क्यांच्याही खाली गेला होता. पण लस घेतलेल्यांना फ्लू झालाच, तरी दवाखान्यात भरती होण्याची किंवा जीव जाण्याची वेळ येण्याची शक्यता कमी होते. लसीचा खरा फायदा हा आहे.

लस घेऊनही ताप का येतो?

एक तर प्रत्येक सर्दी-ताप फ्लू नसतो. सर्दी-पडशाचे इतर अनेक विषाणू आहेत आणि त्यांच्यावर ही लस चालत नाही. दुसरं, लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. त्याआधी लागण झाली तर लस उपयोगी पडत नाही. इंजेक्शनच्या लसीत मात्र जिवंत विषाणू नसतो. त्यामुळे एखादा दिवस कणकण जाणवली, तरी लसीमुळे फ्लू होत नाही.

खानदेशात लस कधी घ्यावी?

अमेरिका-युरोपात हिवाळ्याआधी लस घेतात. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि छोटी लाट हिवाळ्यात. म्हणून एप्रिल-मे हा चांगला काळ. संरक्षण काही महिन्यांत ओसरतं आणि विषाणूही बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते विषाणू असावेत हे सुचवते.

इथे एक काळजी घ्यायला हवी. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. मेडिकलमधून लस घेऊन ती पिशवीत टाकून गावी नेऊ नका. जिथे फ्रिजमध्ये नीट ठेवलेली असेल, तिथेच टोचून घ्या.

लस कोणी घ्यायलाच हवी?

गरोदर महिला, ६५च्या पुढचे ज्येष्ठ, पाच वर्षांखालची मुलं (सहा महिने पूर्ण झालेली), मधुमेह, दमा, हृदय किंवा किडनीचा आजार असलेले आणि आरोग्य कर्मचारी. नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. खासगी दवाखान्यात ती हजार-दोन हजार रुपयांना पडते, म्हणजे शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी. पण राज्य सरकारने २०१५पासून गरोदर महिला आणि मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ती मोफत देण्याची योजना सुरू केली. तेव्हा खासगीत पैसे मोजण्याआधी सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

आणि लस घेतली असो वा नसो, दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं किंवा ताप उतरून पुन्हा चढणं, असं काही दिसलं तर घरी थांबू नका. फ्लूवरचं ओसेल्टामिवीर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वात चांगलं काम करतं. मेडिकलमधून मनाने घेतलेली अँटिबायोटिक गोळी फ्लूच्या विषाणूवर काहीच करत नाही.