अंगठा आमचा, वही कुणाची?

गावच्या रेशन दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘थंब लागंना.’ माझी मावशी सत्तरीची. जन्मभर खुरपं धरून आणि राखेनं भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्यात. ती अंगठा पदराला पुसते, मशीनच्या काचेवर दाबते. नाही लागत. मग दुसरा अंगठा, मग तर्जनी. मागची रांग चुळबुळते. ‘मावशी, दुपारून या, सर्व्हर पण स्लो आहे,’ दुकानदार म्हणतो. त्याचाही दोष नाही म्हणा. दिवसभर तोही त्या डबीपुढे हात जोडूनच बसलेला असतो.

‘अंगठाबहाद्दर’ ही आपल्याकडे शिवी होती. आता आपण सगळेच अंगठाबहाद्दर झालो आहोत. त्याची सुरुवात महाराष्ट्रातलीच. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत. हेतू वाईट नव्हता. मेलेल्यांच्या नावावर धान्य उचललं जात होतं, हे कुठल्याही खेड्यात विचारा. आज बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापूरच्या दुकानातून आपलं धान्य उचलू शकतो, तेही याच यंत्रणेमुळे. हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे.

पण अंगठ्याची कामं रेशनवर थांबली नाहीत.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात. तिथल्या एका तरुणीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीनं त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. लिहिणारीचं एक वेळ सोडा, दुसरीनं फक्त अंगठा दाखवला होता! त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ ‘त्रास’, ‘गैरसोय’ असल्या ढगळ शब्दांवर तीन वर्षांपर्यंत कैद सांगत होतं. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झालं. तरी पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं. २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की बाबांनो, हे कलम आता अस्तित्वात नाही.

तिसरा अंगठा, फॉरवर्ड करणारा, सगळ्यात भयंकर. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते, बहुतेक सोलापूरच्या मंगळवेढा तालुक्यातले. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या वेळी मोबाइलवर फिरत होते. गर्दीनं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठेचून मारलं. देशभर पसरलेल्या तशा व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करायला बनवलेला होता. शेवटी पोर परत आणून सोडतात, तेवढाच तुकडा कुणीतरी कापून टाकला होता. नंतर व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. दोष निव्वळ फोनचा, असं मात्र मला वाटत नाही. पालावरच्या माणसाकडे संशयानं बघायची खोड गावाला फोनच्या कितीतरी आधीपासूनची. फोननं तिला पाय दिले.

आधारच्या अंगठ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं तिथल्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. वर्षभरानं आधारचा निकाल लागला, चार विरुद्ध एक असा. खासगी कंपन्यांची आधारसक्ती गेली, सरकारी योजनांसाठीची राहिली. न्या. चंद्रचूड यांनी मात्र अख्खा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता. मावशीच्या रांगेपर्यंत यातलं काहीच पोचलं नाही.

मला राहून राहून १८७५ आठवतं. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, सावकारांच्या घरांत शिरले आणि त्यांनी कर्जाचे कागद जाळले. राग सावकारापेक्षा त्याच्या वहीवर होता. त्या वहीत काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला कधी कळायचंच नाही. इंग्रज सरकारनं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक साधी गोष्ट होती: सावकारानं कुळाला पैशाची पावती द्यायची, वर्षाचा हिशेब दाखवायचा.

माहितीचा अधिकार म्हणजे सरकारकडून तसाच हिशेब मागणं. महाराष्ट्रानं त्याचा कायदा २००२ मध्येच केला, केंद्राच्या तीन वर्षं आधी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं केंद्राच्या माहिती अधिकार कायद्याच्याच एका कलमाला कात्री लावली. व्यक्तिगत माहिती असली तरी लोकहितासाठी ती द्यावी, असं त्या कलमातच सांगितलेलं होतं, ते वगळलं. दुसऱ्या कलमात लोकहिताची एक वाट उरली आहे, पण ‘वैयक्तिक आहे’ म्हणून अर्ज परत करणं आता बाबूला फार सोपं झालं. कुणाच्या नावावर किती धान्य उचललं, हे विचारणाऱ्यालाही हेच उत्तर मिळू शकतं. कायदा नागरिकाचा खासगीपणा जपायचा म्हणून आला आणि आडोसा मिळाला दप्तराला, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

त्या दिवशी दुपारी मावशीची तर्जनी एकदाची लागली. मशीन बोललं, धान्य पिशवीत पडलं. तिनं हात पुढे केला आणि पावती मागितली.

‘रोल संपलाय, मावशी,’ दुकानदार म्हणाला आणि त्यानं पुढचा अंगठा घेतला.