हिप-हॉप गाण्यातील भूमिका आणि श्रेय

१. प्रस्तावना

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात व्हायोलिनच्या आकाराचे चौडय्या स्मारक सभागृह आहे. ते ज्यांच्या नावाने उभे आहे, ते टी. चौडय्या गायकांना साथ करणारे व्हायोलिनवादक म्हणून प्रसिद्ध होते. कर्नाटक संगीताच्या मैफलीत गायक, व्हायोलिन, मृदंगम अशी प्रत्येकाची जागा ठरलेली असते. रचनाकाराचे नाव तर बहुतेकदा रचनेतच असते. पुरंदरदासांच्या पदांत ‘पुरंदर विठ्ठल’ येते, तुकोबांच्या अभंगांत ‘तुका म्हणे’.

हिप-हॉपमध्ये आवाज रॅपरचा ऐकू येतो. बाकीचे हात दिसत नाहीत. हे हात कोणाचे आणि त्यांचे नाव का नोंदवावे, हे या पाठात पाहू.

२. कोण काय करते?

• बीटमेकर: ड्रम, बास, सुरावट आणि सॅम्पल, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला तुकडा, यांची जुळणी करून गाण्याचा पाया रचतो. हिप-हॉपमध्ये यालाच बहुधा ‘प्रोड्यूसर’ म्हणतात.
• रॅपर: शब्द लिहितो आणि सादर करतो.
• हुक गाणारा: पुन्हा पुन्हा येणारी ओळ गातो.
• मिक्सिंग व मास्टरिंग इंजिनियर: सर्व आवाजांचा तोल साधून गाणे प्रकाशनासाठी तयार करतो.

अनेक बीटमेकर गाण्याच्या सुरुवातीला आपल्या नावाचा छोटा आवाज ठेवतात. याला ‘प्रोड्यूसर टॅग’ म्हणतात. ही एका अर्थाने नाममुद्राच आहे.

३. काही उदाहरणे

१९७९ साली अमेरिकेत शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ गाजले. त्याचे संगीत शिक या बँडच्या ‘गुड टाइम्स’वर बेतलेले होते. नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हरकत घेतल्यावर त्यांची नावे गीतकार-संगीतकार म्हणून जोडली गेली.

मुंबईत २०१५ साली डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ आले. त्याची बीट सेझ ऑन द बीट यांची होती. २०१९च्या ‘गली बॉय’ चित्रपटाच्या अल्बममध्ये अनेक संगीतकार होते. फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार मात्र दिग्दर्शिका झोया अख्तर आणि संगीत पर्यवेक्षक अंकुर तिवारी यांच्या नावे मिळाला. म्हणजे निवड आणि जुळणी हीसुद्धा श्रेयाची भूमिका ठरली. २०२४चे मराठी ‘तांबडी चामडी’ हे खरे तर हाऊस संगीत. पण तेथे प्रोड्यूसर क्रेटेक्स यांचे नाव श्रेयस यांच्या बरोबरीने मुख्य कलाकार म्हणून येते.

४. कायदा काय म्हणतो?

येथे ‘प्रोड्यूसर’ या शब्दाचा घोटाळा होतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा प्रोड्यूसर म्हणजे ते तयार करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. व्यवहारात ती बहुधा म्युझिक कंपनी असते. बीट रचणारा कायद्याच्या भाषेत ‘संगीतकार’ असतो. रॅपचे शब्द ही साहित्यकृती, त्यामुळे रॅपर गीतकारही असतो आणि सादरकर्ताही.

हा फरक पैशाचा आहे. २०१२च्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क कंपनीला दिले, तरी गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडेच राहतो. चित्रपटगृहात चित्रपट दाखवणे हा त्याला अपवाद आहे. हा वाटा करारानेही सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो. पण ज्याचे नाव संगीतकार म्हणून नोंदलेलेच नाही, त्याच्यापर्यंत आयपीआरएससारखी संस्था ही रक्कम पोहोचवणार कशी?

५. वाटणी कागदावर

म्हणून प्रकाशनाआधी ‘स्प्लिट शीट’ भरतात. त्यात शब्द कोणाचे, संगीत कोणाचे आणि प्रत्येकाचा वाटा किती टक्के, हे लिहून सर्वजण सही करतात. सॅम्पल वापरले असेल, तर मूळ रचना आणि मूळ ध्वनिमुद्रण या दोन्हींच्या मालकांची परवानगी लागते.

समजा, एकीने बीट रचली, दुसऱ्याने रॅप लिहून म्हटले, तिसरीने हुक गायले. हुकची चाल तिसरीनेच बांधली असेल, तर संगीतात तिचाही वाटा आहे. बांधलेली चाल तिने फक्त गायली असेल, तर ती सादरकर्ती आहे. आवाज दोन्ही वेळा तोच, हक्क वेगळे. मैत्रीत हे विचारणे अवघड वाटते, पण गाणे गाजल्यावर ते अधिक अवघड होते.

स्वाध्याय

तुमच्या आवडीचे एक रॅप गाणे निवडा. त्याची प्रकाशित श्रेयनामावली शोधून वरील चार भूमिकांपैकी कोणती नावे मिळतात आणि कोणती मिळत नाहीत, याचा तक्ता करा.