साधना आणि उपजीविका : एका तरुण प्रश्नाचा विचार

बेळगाव-निपाणी भागात सेवा करणाऱ्या पाळकांपुढे व उपदेशकांपुढे एक प्रश्न वारंवार येतो. शिक्षण नुकतेच संपविलेला तरुण विचारतो, "देवाला ओळखण्याची ओढ लागली आहे, पण घरी मिळवते कोणी नाही. आधी नोकरीत स्थिर व्हावे, की आधी देवाचा शोध घ्यावा?" हा प्रश्न केवळ बुद्धीचा नव्हे. निपाणीच्या परिसरात पुष्कळ घरांचा निर्वाह तंबाखूच्या शेतीवर आणि विड्या वळण्यावर होत आला आहे. अशा घरातील मुलाचा पहिला पगार त्याच्या एकट्याचा नसतो. मराठी शाळेत शिकलेल्यास कर्नाटक सरकारच्या नोकरीसाठी कन्नड भाषा आत्मसात करावी लागते. नाहीतर कोल्हापूर-पुण्याची वाट धरावी लागते. त्याला "सर्व सोडून ये" असे सांगणे सोपे आहे, आणि "आधी पोटाचे पाहा" असे सांगणेही तितकेच सोपे आहे. दोन्ही उत्तरांत दोष मात्र एकच आहे. दोन्ही उत्तरे दोहोंपैकी एक गोष्ट पुढे ढकलावयास सांगतात.

1. शेजारचे एक उदाहरण

बेळगावच्या हिंदवाडीतील गुरुदेव रानडे मंदिर आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. रामचंद्र दत्तात्रय रानडे यांचा जन्म 1886 साली जमखंडी येथे झाला. 1901 साली, शाळेत असतानाच, त्यांनी इंचगेरी परंपरेतील भाऊसाहेब महाराज उमदीकर यांच्याकडून नामदीक्षा घेतली. त्यानंतर त्यांनी शिक्षण सोडले नाही, की शिक्षण संपेपर्यंत नामही बाजूस ठेवले नाही. पुढे ते फर्ग्युसन व विलिंग्डन महाविद्यालयांत शिकवू लागले. त्यानंतर अलाहाबाद विद्यापीठात ते तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले आणि काही काळ कुलगुरूही होते. महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1933 साली प्रसिद्ध झाला. 1946 साली निवृत्त झाल्यावर ते विजापूरजवळील निंबाळ येथे राहिले व तेथेच 1957 साली निवर्तले. निंबाळचा एकांत त्यांना आयुष्याच्या उत्तरार्धात लाभला. साधना मात्र त्या एकांताची वाट पाहत थांबली नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा व्यवसाय मुळातच साधनेच्या जवळचा. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या मुलाने काय करावे? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर याच परंपरेत सापडते. भाऊसाहेब महाराजांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज आणि त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज. निसर्गदत्त मुंबईत विड्यांचे दुकान चालवीत. 1936 साली गुरूंचे निधन झाल्यावर ते घर सोडून निघाले खरे. परंतु 1938 साली ते मुंबईस, आपल्या कुटुंबाकडे आणि दुकानाकडे परत आले, व 1981 साली निधन होईपर्यंत तेथेच राहिले. ज्या परतण्याला जग सहसा माघार समजते, तेच त्यांच्या साधनेचे क्षेत्र ठरले.

2. शास्त्राची दृष्टी

आपली श्रद्धा या परंपरेहून एका मूलभूत बाबतीत वेगळी आहे. देवाची ओळख ही साधकाच्या प्रयत्नाची कमाई नसून कृपेचे दान आहे, असे आपण मानतो. म्हणूनच कामाचे तास त्या दानाच्या आड येतात असे म्हणण्यास आपल्याला तर अधिकच कमी आधार आहे. प्रभू येशूने सेवाकार्य आरंभिले तेव्हा त्याचे वय सुमारे तीस वर्षांचे होते, असे लूक (3:23) नमूद करतो. आणि नासरेथकर त्याला सुतार म्हणूनच ओळखत होते (मार्क 6:3). करिंथात पौलाने अक्विला व प्रिस्किल्ला यांच्यासह तंबू करण्याचा धंदा केला (प्रे. कृत्ये 18:3). थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर काम न करणाऱ्यांस त्याने स्पष्ट शब्दांत ताकीद दिली आहे.

मात्र उपजीविका सोडण्याचे पाचारण कधीच होत नाही, असा याचा अर्थ नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 साली मिशनची पगारी सेवा सोडली व "देवाचा दरबार" सुरू केला. त्या वेळी त्यांचे वय छप्पन्न वर्षांच्या आसपास होते, आणि बाप्तिस्म्यानंतरची बावीस वर्षे त्यांच्या पाठीशी होती. त्यांनी सोडले ते पूर्ण करून सोडले. टाळण्यासाठी सोडले नाही. त्याग आणि पळ यांतील हा भेद तरुणास दाखवून देणे अगत्याचे आहे.

3. पाळकाचे कर्तव्य

तेव्हा प्रश्न घेऊन आलेल्या तरुणास "आधी कोणते?" याचे उत्तर देऊ नये; "आज किती?" असे त्यालाच विचारावे. दिवसातील पंधरा मिनिटे का होईनात, पण ती ठरलेली असावीत, आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असावीत. नव्या नोकरीत पहिल्या काही महिन्यांत ज्या सवयी जडतात त्याच पुढे टिकतात. "स्थिर झाल्यावर पाहू" असे म्हणणाऱ्यास स्थिरता लाभते, परंतु ओढ उरत नाही. कामाची निवड करतानाही त्याने तीन गोष्टी तपासाव्यात : हे काम प्रामाणिक आहे काय, त्याने शेजाऱ्याचे हित होते काय, आणि त्यात विसाव्याचा दिवस उरतो काय.

आपली जबाबदारी येथेच संपत नाही. मंडळीची प्रार्थनासभा दर आठवड्यास एकाच वारी, एकाच वेळी होते आणि दुपारपाळीचा मुलगा तिला कधीच येऊ शकत नाही. त्याची गैरहजेरी आपण त्याच्या खात्यावर मांडतो. ती पुष्कळदा आपल्या खात्यावरची असते. महिन्यातून एकदा पाळीनुसार वेळ बदलणे, किंवा कामगारांच्या खोलीवर दोघातिघांनी जमणे, हे कोणत्याही मंडळीला अशक्य नाही. तरुणाने आपल्या दिवसात देवासाठी जागा ठेवावी अशी अपेक्षा करण्यापूर्वी, मंडळीने आपल्या वेळापत्रकात त्या तरुणासाठी जागा केली आहे काय, याची प्रत्येकाने स्वतःशी झडती घ्यावी.