कर्करोग आणि घरगुती उपाय

शहापूर तालुक्यांतील शेणवा हें गांव मुंबईपासून फार दूर नाहीं. याच तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. आसनगांव स्थानक गांठलें कीं लोकल गाडी दादरपर्यंत नेऊन सोडते. तेथून १९४१ सालीं सुरू झालेलें परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय जवळच आहे. असें असूनहि कर्करोगी तेथें पोंचण्यापूर्वीं कित्येकदां महिनेच्या महिने उलटून जातात. हा काळ कोठें जातो, याचा विचार वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

समजा, शेणव्यांतील एखाद्या गृहिणीस स्तनांत गांठ लागली. ती दुखत नाहीं, म्हणून बाई कोणास सांगत नाहीं. पुढें ती गोष्ट जाऊबाईंच्या कानीं जाते. मग कोणी लेप सुचवितें, कोणी वैदूची पुडी आणतें. “सुरी लागली कीं रोग पसरतो,” असें एखादे वडीलधारे गृहस्थ बजावतात. वस्तुतः योग्य हातीं केलेल्या तपासणीनें रोग फैलावण्याचा धोका अत्यंत अल्प असतो. आणि तुकडा तपासल्यावांचून रोगाची जात कळत नाहीं, कीं उपचारहि ठरत नाहीं. पुडीनें चार दिवस बरें वाटतें, कारण आशेनेंहि माणसास बरें वाटतें. गांठ मात्र वाढतच असते.

हा दोष खेड्यांचाच, असें मानण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१८ सालीं दोन अभ्यास प्रसिद्ध केले. रोग अन्यत्र पसरला नसतांना ज्यांनीं केवळ पर्यायी उपायांवर भिस्त ठेविली, त्यांस मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगांत तो पांच पटींहून अधिक होता. हे रोगी इतरांपेक्षां अधिक शिकलेले व सुस्थितींतील होते! दुसऱ्या अभ्यासांत, रूढ उपचारांच्या जोडीला पूरक उपाय करणाऱ्यांसहि सुमारें दुप्पट धोका दिसला. त्यांपैकीं ३४ टक्क्यांनीं केमोथेरपी नाकारली होती, तर इतरांत हें प्रमाण अवघें ३ टक्के होतें. म्हणजे मुख्य अपाय त्या नकारानें केला.

वनस्पतींत गुण नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. अंगणांतल्या सदाफुलीपासूनच व्हिन्क्रिस्टीन हें रक्ताच्या कर्करोगावरील मोलाचें औषध मिळालें. परंतु तें द्रव्य निराळें काढून, त्याची मात्रा ठरवून व परिणाम पारखून मगच तें रोग्यास देतात. तीच पानें घरीं चावून खाणें म्हणजे विषाशीं खेळ होय. कित्येक भस्मांत शिसें व पारा आढळलेला आहे. कांहीं वनस्पति तर चालू औषधाचा प्रभावच कमी करतात. म्हणून घरीं जें कांहीं घेतलें जातें, तें डॉक्टरांस सांगावें. लाजूं नये व लपवूंहि नये. डॉक्टरांनींहि तें न रागावतां ऐकून घ्यावें.

कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींस आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानें बंदी आहे. पण शेजारणीच्या प्रेमळ सल्ल्यास कायदा कसा आवरणार? तें काम घरांतील सुज्ञ माणसांचेंच आहे.

प्रार्थना, हलका आहार, डॉक्टरांच्या अनुमतीनें योगासनें यांनीं रोग्याच्या मनास धीर येत असेल, तर तीं अवश्य असावींत. मात्र गांठ, न भरणारी जखम किंवा अवेळीं रक्तस्राव दिसतांच आधीं तपासणी व्हावी. खर्चाची धास्ती असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तींत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. आणि घरांतील बाई “कांहीं नाहीं, बरी आहें” म्हणाली, तरी तिच्यासोबत कोणीतरी आसनगांवची गाडी धरावी, एवढीच आमची विनंति आहे.