बापलेकीने मांडलेली चूल

पर्यावरण सांभाळा असं कुणी म्हटलं, की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो : आता आणखी कोणतं काम वाढणार? ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, पाणी जपून वापरा, कापडी पिशवी न्या. सगळं पटतं हो, पण करायचं कुणी? घरातल्या बाईनेच ना! म्हणूनच मैत्रिणींनो, उपदेश करण्यापेक्षा भांडी आणि चुली घडवण्यात आयुष्य घालवणाऱ्या एका बापलेकीची गोष्ट आज सांगावीशी वाटते.

डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव, म्हणजे महर्षी कर्व्यांचे नातू. १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पुण्यात 'आरती' ही संस्था उभारली. पूर्ण नाव लांबलचक आहे, ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट. त्यांची कन्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांचा विषय भौतिकशास्त्र. एवढं शिकून त्या चुलीच्या धुरामागे लागल्या, याचंच मला फार कौतुक वाटतं. सुधारित चुलींवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि पुढे 'समुचित एन्व्हायरो टेक' ही कंपनी काढली.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमतकडे, ऊस तुटून गेला की शेतात पाचट पडून राहतं. जनावरं ते खात नाहीत, कुजायला वेळ लागतो, म्हणून काडी लावायची रीत पडली. 'आरती'ने काय केलं, तर हे पाचट पिंपात कोंबून, झाकण लावून, पिंपाला बाहेरून आच दिली. आत हवा पोचत नाही, त्यामुळे पाचटाची राख न होता कोळसा होतो. त्याच्या भुकटीत खळ कालवून कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

पण कोळसा झाला म्हणजे स्वयंपाक झाला असं थोडंच आहे? शेगडी पेटवा, वारा घाला, डाळ लागते का बघा, हे कुणाला हवंय? त्यासाठी 'सराई' कुकर आला. खाली छोटी कोळशाची शेगडी, वर पातेलं, पातेल्यात थोडं पाणी आणि एकावर एक डबे, भोवती बाहेरचं आवरण. पाचेक माणसांचा वरण-भात आणि भाजी शंभर-दीडशे ग्रॅम कोळशात शिजते. तासाभराने कोळसा आपोआप संपतो, म्हणजे करपण्याची भीती नाही, आणि अन्न आत गरम राहतं. तेवढ्यात तुम्ही धुणं उरका नाहीतर पेपर वाचा! आजीच्या वेळचा इकमिक कुकर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे घराणं लगेच ओळखू येईल. मात्र कोळसा तो कोळसाच. बंद खोलीत कधीही पेटवू नका, दार-खिडकी उघडी हवीच. त्याच्या वायूला वास नसतो आणि तो जिवावर बेततो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे सिलिंडर आहे, आम्हाला कोळसा कशाला? बरोबर आहे. शहरातल्या घरासाठी त्यांचं दुसरं काम जास्त जवळचं.

गोबरगॅस म्हटलं की शेण आलं, आणि शेण म्हटलं की गोठा आला. कर्व्यांनी विचार केला, की गॅस करणारे जिवाणू तर गाईच्या पोटातच असतात. शेण म्हणजे गाईने सत्त्व काढून घेतलेला चोथा. मग या जिवाणूंना उरलंसुरलं अन्नच का देऊ नये? शिळा भात, पोळीचे तुकडे, गिरणीत सांडलेलं पीठ, किडकं धान्य. दोन किलो पिठूळ खाद्य चाळीस किलो शेणाचं काम करतं, आणि शेणाला चाळीस दिवस लागतात तिथे हे दिवसाभरात होतं, असा त्यांचा हिशेब. संयंत्रही साधंच. प्लॅस्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्या, एक थोडी लहान, मोठीत उपडी घातलेली. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते. २००६ साली याच कामासाठी 'आरती'ला पुन्हा ॲशडेन मिळाला.

घेण्याआधी थोडं ऐका. चौघांच्या घरातलं उष्टं-खरकटं आणि भाजीची देठं एवढ्यावर सगळा स्वयंपाक व्हायचा नाही. हिशेब कोरड्या पिठाचा आहे, आपलं खरकटं पाण्याने जड असतं. सिलिंडर जास्त दिवस पुरेल, हे खरं. त्याला ऊन लागतं, ते आपल्याकडे भरपूर. थंडीत गॅस कमी होतो. सुरुवातीला शेणकाला घालून काही आठवडे थांबावं लागतं. आणि सणाला उरलेला सगळा भात एकदम ओतायचा मोह टाळा. त्याचंही पोट बिघडतं! आंबट होऊन गॅस बंद पडतो. अंड्याची टरफलं, हाडं तर घालूच नका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना जागेची अडचण येईल. त्यांनी दोन-तीन शेजारणींनी मिळून गच्चीचा विचार करावा.

प्रियदर्शिनीताईंच्या 'समुचित'ने एक हिशेबाचं साधनही केलंय. वीज, गॅस, प्रवास यांचे आकडे भरले की आपलं घर हवेत किती कार्बन सोडतं ते कळतं. किराण्याची वही लिहिणाऱ्या बाईला ते अवघड नाही.

त्यांची 'संपदा' शेगडी तर मला सगळ्यांत चतुर वाटते. काटक्या घाला, स्वयंपाक करा, आणि शेवटी तळाशी कोळसा उरतो. तो सकाळी 'सराई'त चालतो. हुरडा पार्टीला किंवा गावाकडच्या घरी, जिथे काटक्या आयत्याच मिळतात, तिथे ती खरी शोभेल. सासरी शेत असेल तर यंदाच्या दिवाळीत जाऊबाईंशी बोलून बघा.