शिक्का नाही? मुठीला विचारा!

शिकारीचा जुना सुरा हाती आला, पण पात्यावर ना कंपनीचं नाव, ना सालाचा पत्ता. बरेच संग्राहक इथेच नाद सोडतात. खरी गंमत तर इथूनच सुरू होते! सुऱ्यातला सगळ्यात नवा भाग शोधा. तो मागाहून बसवलेला नसेल, तर सुरा त्याहून जुना असूच शकत नाही.

मुठीत चौफुलीचा फिलिप्स स्क्रू दिसला? मग विकणाऱ्याने 'पणजोबांच्या काळातला' अशी कितीही शपथ घेतली, तरी माल १९३०च्या दशकाच्या अलीकडचा. पातं स्टेनलेस आहे? इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने ते पोलाद १९१३ साली केलं, म्हणजे सुरा त्यानंतरचा. चामड्याच्या चकत्या रचून केलेली मूठ १९००च्या सुमारास मिशिगनच्या वेबस्टर मार्बल यांनी लोकप्रिय केली. पण ती पुढे सगळ्यांनीच उचलली, त्यामुळे तेवढ्यावरून 'मार्बलचाच' म्हणून पैसे मोजू नका.

सगळ्यात बोलकी असते ती शिंगाची मूठ. तिच्या टोकाशी भिंग धरा. खऱ्या शिंगाचा गाभा जाळीदार दिसतो, हाडाच्या मुठीवर बारीक टिंबं आणि रेघा दिसतात. साच्यातल्या प्लॅस्टिकला यातलं काहीच नसतं. ते डेल्रिन नावाचं प्लॅस्टिक निघालं, तर सुरा साधारण १९६० नंतरचा. आणि शेफिल्ड, जर्मनीतल्या झोलिंगेनच्या उत्तम मुठींना लागणारं शिंग यायचं कुठून? हिंदुस्थानातून! आपल्या मेळघाट-ताडोबात दिसतो, त्याच सांबराचं. म्हणूनच घरात असा सुरा असेल, तर विकण्याआधी वनखात्याकडे चौकशी कराच. १९७२चा वन्यजीव कायदा शिंगालाही लागू होतो.

अमेरिकेत १८९१ पासून परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. तिथे मिळालेल्या सुऱ्यावर नुसतं 'जर्मनी' असेल, तर तो बहुधा त्यानंतरचा. नाव नाही म्हणून सुरा जुना, हे मात्र खरं नाही. तो अमेरिकेतच घडलेला असू शकतो.

मूठ तडकलीय, कापरासारखा वास येतोय? ते सेल्युलॉइड. १८७०च्या सुमारास आलेलं हे प्लॅस्टिक सडू लागलं, की आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या सुऱ्यांची पातीही गंजवतं. असा सुरा म्यानातून काढा, बाकीच्यांपासून दूर, हवेशीर जागी ठेवा. आणि कुठलाही जुना सुरा घासून चकचकीत करू नका: पात्यावरचा करडा थर आणि कानशीचे ओरखडे गेले, की वय सांगणारे पुरावेच गेले.