बगळ्याला मान, गिधाडाला शिवी

बगळा पांढराशुभ्र, म्हणून पोरे त्याच्याकडे नखावरची कवडी मागतात. गिधाड मेलेले खाते, म्हणून अमंगळ. ही प्रतवारी कोणत्या डोक्यातून निघाली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

बौद्ध जातककथा वेगळे सांगतात. बकजातकातला बगळा मोठ्या तळ्यात नेतो म्हणून एकेक मासा खातो. अखेर खेकडा त्याची मान कापतो. गिज्झजातकातले गिधाड आईबापांना पोसते. राजगृहाच्या ज्या डोंगरावर तथागतांनी उपदेश केला, तोही गृध्रकूटच!

गिधाडाने रोगराई आवरली, मोबदला मात्र विषाचा मिळाला. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने मृत जनावर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली, पण माणसांच्या नावाने मोठ्या बाटल्या विकल्या जातच राहिल्या. ही पळवाट बुजवायला २०१५ उजाडले. कायद्याची अशी भोके आम्हा वकिलांच्या चांगल्याच ओळखीची आहेत.

गिधाडाला हे काम निसर्गाने दिले, आपल्याला जातीने. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असे बजावले. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना मारहाण झाली, तेव्हा सुरेंद्रनगरच्या समाजबांधवांनी मेलेली जनावरे थेट कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. आभाळात गिधाडेही फारशी उरली नव्हती.